तलासरीच्या हायवेवर पारशी नाश्ता आला कुठून? रविवारच्या अकुरी-पावामागची गोष्ट

रविवार, सकाळचे साडेआठ. मुंबई-अहमदाबाद हायवेवर तलासरीच्या आसपास एखाद्या पारशी ढाब्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा नसते. नंबर प्लेट बघितल्या तर एमएच-02, एमएच-04 आणि अधूनमधून गुजरातची जीजे-15. कोणी उदवाड्याला दर्शनाला निघालंय, कोणी दमण किंवा सिल्वासाला. काहीजण मात्र फक्त नाश्ता करायला दीडशे किलोमीटर आलेत. टेबलावर अकुरी येते, कडक पाव येतो, पुदिन्याचा चहा येतो. आधी फोटो, मग स्टोरी, मग पहिला घास.

इन्स्टाग्रामवर 'मुंबईजवळचे बेस्ट हायवे ब्रेकफास्ट' शोधलंत, तर तलासरीच्या 'पारसी दा ढाबा'चं नाव येतंच. याच पट्ट्यात 'अहुरा'सारखं जुनं नावही आहे.

पण एक प्रश्न रीलमध्ये कोणी विचारत नाही. तलासरी हा कोकणच्या उत्तर टोकाचा, बहुसंख्य आदिवासी लोकवस्तीचा तालुका. इथे वारली राहतात, धोडी, दुबळा, कोकणा, काथोडी राहतात. मग इथल्या हायवेचा फेमस नाश्ता पारशी कसा? आणि इथल्या माणसांचा नाश्ता त्या मेन्यूवर का दिसत नाही?

आधी ताटात काय आहे ते बघू

पारशी नाश्ता म्हणजे अंडं. पारशी माणूस कोणत्याही भाजीवर अंडं फोडू शकतो, असं गमतीने म्हणतात आणि त्यात बरंच तथ्य आहे.

अकुरी आणि आपली भुर्जी सख्ख्या बहिणींसारख्या. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, टोमॅटो दोन्हीत असतात. फरक आचेचा आहे. भुर्जी आपण मोकळी, कोरडी होईपर्यंत परततो. अकुरी मंद आचेवर हलवत राहायची आणि अंडं अजून ओलसर, मऊ असतानाच उतरवायची. काहीजण त्यात थोडं दूध किंवा साय घालतात. भरुची अकुरीत तर सुकामेवाही असतो.

'सल्ली पर ईडू' ऐकायला अवघड वाटतं, पण अर्थ सोपा आहे. सल्ली म्हणजे बटाट्याच्या काड्यांसारख्या तळलेल्या कुरकुरीत सळ्या, ईडू म्हणजे अंडं. सल्लीवर अंडं, बस. तव्यावर सल्लीचा थर पसरून त्यात खळगे करायचे, त्यात अंडी फोडायची आणि झाकण ठेवून वाफेवर शिजवायची. सल्लीच्या जागी भेंडी घातली की 'भींडा पर ईडू', टोमॅटो घातला की 'टामोटा पर ईडू'.

सोबत खिमा-पाव, मावा केक, रास्पबेरी सोडा. आणि चहात पुदिना आणि गवती चहा. हा चहा मराठी घरांना अजिबात परका नाही. पावसाळ्यात परसातली गवती चहाची पात चहात टाकणं आपल्याकडेही चालतंच.

एक पदार्थ मात्र नीट लक्षात ठेवा. तो म्हणजे भाखरा. गोडसर पिठाचे तळलेले गोळे, चहात बुडवून खायचे. जुन्या पद्धतीत भाखऱ्याचं पीठ फुगवायला ताडी वापरतात. ही ताडी पुढे परत येणार आहे.

पण तलासरीच का?

नकाशा उघडा. तलासरीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, गुजरातच्या हद्दीत संजाण आहे. इराणमधून समुद्रमार्गे आलेले झरथुष्ट्री लोक इथेच स्थिरावले, असं पारशी परंपरा सांगते. काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. आठव्या ते दहाव्या शतकादरम्यानच्या वेगवेगळ्या तारखा मांडल्या जातात. या आगमनाची कथा 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात आहे. ते बहमन कैकोबाद या धर्मगुरूने सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटी लिहिलं, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी.

दुधात साखर विरघळते तसे आम्ही तुमच्यात मिसळू, ही जादी राणाच्या दरबारातली गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. गंमत म्हणजे ती या काव्यात नाही, ती तोंडी परंपरेतून आली आहे. काव्यात राजाच्या अटी आहेत: इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रं खाली ठेवा.

पुढे सुलतानाच्या फौजेने संजाण जिंकलं. तेव्हा पारशी धर्मगुरूंनी आपला पवित्र अग्नी, म्हणजे 'इराणशाह', घेऊन डोंगर गाठला. तो डोंगर म्हणजे डहाणू तालुक्यातला बोर्डीजवळचा बाहरोट. परंपरेनुसार अग्नी तिथल्या लेण्यांमध्ये बारा वर्षं होता. तिथून तो वांसदा, नवसारी असा फिरत 1742 मध्ये उदवाड्याला आला. तो आजही तिथेच तेवतो आहे.

म्हणजे बघा, संजाण उत्तरेला, बाहरोट पश्चिमेला, उदवाडा संजाणच्याही पुढे. मुंबईहून उदवाड्याला गाडीने जाणारं प्रत्येक पारशी कुटुंब तलासरीवरूनच जातं. अशा वाटेवर अकुरी मिळणं ओघानेच आलं.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. 1960 पर्यंत संजाण आणि आजच्या तलासरीतली गावं एकाच तालुक्यात होती. उंबरगाव तालुका, ठाणे जिल्हा. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा या तालुक्यातली 47 गावं आणि तीन शहरं गुजरातकडे गेली. उरलेली 27 गावं आधी डहाणूला जोडली आणि 1961 मध्ये त्यांचा वेगळा तलासरी तालुका झाला. 2014 मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला आणि तलासरी त्यात आला. ज्या सीमेमुळे आज संजाण 'गुजरातमध्ये' वाटतं, ती सीमा इथल्या आजी-आजोबांच्या आठवणीतली आहे.

पारशी आणि इराणी एकच का?

नाही. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

पारशी म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी आलेल्यांचे वंशज. त्यांची मातृभाषा गुजराती झाली. इराणी म्हणजे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यझ्द आणि करमान भागांतून आलेले लोक. दुष्काळ, गरिबी आणि धार्मिक छळ ही त्यामागची कारणं. यातले बरेच झरथुष्ट्री होते, पण इराणी मुसलमानही होते.

याच लोकांनी मुंबईत नाक्यानाक्यावर 'इराण्याचं हॉटेल' उघडलं. संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, ब्रून-मस्का आणि 'पानी कम' चहा. धोबी तलावचं क्यानी 1904 चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया 1923 चं. गिरणी कामगार, कॉलेजची पोरं, टॅक्सीवाले असे सगळे एकाच टेबलावर बसत. शेजारच्या वस्तीचं बैठकीचं ठिकाण म्हणजे हे हॉटेल. पुढे जागांचे भाव चढले, नव्या पिढीने दुसरे धंदे धरले आणि ही हॉटेलं एकेक करून बंद पडत गेली. एके काळी शेकड्यांनी असलेली इराणी हॉटेलं आज मोजकीच उरली आहेत.

म्हणून हायवेवरच्या पारशी नाश्त्याला मुंबईकर इतका भुलतो. नाक्यावरचं हरवलेलं हॉटेल त्याला दीडशे किलोमीटरवर, भरपूर पार्किंगसह परत मिळतं.

पण सगळे इराणी मुंबईत थांबले नाहीत. काहीजण डहाणू, घोलवड, बोर्डीकडे आले आणि इथे त्यांनी बागा केल्या. आज तुम्ही हायवेवर गाडी थांबवून जे चिकू घेता, त्याची गोष्ट इथून सुरू होते. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड इथल्या किनारपट्टीला चांगलंच मानवलं. त्या बागायतीत पारशी-इराणी कुटुंबांचा मोठा वाटा आहे. 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

बागा कोणाच्या, राबणारे कोण?

इथून गोष्ट थोडी कडू होते, पण ती सोडून पुढे जाता येत नाही.

ज्या जमिनीवर बागा आणि गवताची कुरणं उभी राहिली, तिथे आधी वारली आणि इतर आदिवासी शेती करत होते. इंग्रजांच्या काळात रोख सारा आला, जंगलावर निर्बंध आले. 1878 च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावर आणि दारूवर कर आणि परवाने आले. घरची ताडी-दारू काढणं गुन्हा झाला आणि परवाना घेतलेल्या दुकानातून विकत घेणं भाग पडलं. अशा दुकानांचे मक्ते मोठ्या प्रमाणावर पारशांकडे होते. कर्ज वाढलं, कर्जापायी जमिनी गेल्या. त्या गुजराती वाणी, ब्राह्मण, मुसलमान, पारशी, इराणी अशा वेगवेगळ्या जमीनदार-सावकारांच्या हाती गेल्या. हा प्रश्न एका समाजाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. पण त्या व्यवस्थेत पारशी-इराणी जमीनदारही होते, हे खरं आहे.

यातून दोन प्रथा घट्ट झाल्या. एक वेठबिगार, म्हणजे जमीनदार बोलावेल तेव्हा फुकट राबायचं. दुसरी लग्नगडी. लग्नासाठी कर्ज घेतलं की ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने सावकाराकडे गडी म्हणून राहायचं आणि ते कर्ज कधीच फिटायचं नाही. हे फक्त चळवळीचे लोक म्हणत नव्हते. डी. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने 1930 च्या दशकाच्या शेवटी मुंबई सरकारला दिलेल्या अहवालातही याची नोंद आहे.

मग 1945 साल आलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेचं काम या भागात पोहोचलं होतं. 23 मे 1945 रोजी झरी गावात हजारो वारली जमले. हे झरी आजच्या तलासरी तालुक्यात आहे. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असा निर्णय तिथे झाला. थोड्याच काळात या प्रथा कोसळू लागल्या. त्यानंतर गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. 500 पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा इथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाचजण मारले गेले. तलासरीत आजही दरवर्षी त्यांचं स्मरण केलं जातं.

गोदावरी परुळेकरांनी हा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, 2006 मध्ये वनहक्क कायदा आला. काही जमिनी परत मिळाल्या, काहींचे दावे आजही फायलींत अडकले आहेत.

आता भाखऱ्यातली ताडी आठवा. ज्या झाडाची ताडी वारल्याच्या घरात रोज यायची, ती कायद्याने त्याच्याकडून काढून घेतली आणि मग दुकानातून त्यालाच विकली. पारशी स्वयंपाकघरात तीच ताडी पीठ फुगवायला आली. पदार्थाचा यात काही दोष नाही. पण एकाच झाडाच्या दोन आठवणी आहेत आणि त्यातली एकच मेन्यूवर येते.

मग वारल्यांचा नाश्ता कुठे आहे?

त्यासाठी त्याच सकाळी हायवेवरून जरा आत, तलासरीच्या नाक्यावर जायला हवं. कामाच्या दिवशी तिथे उजाडताच माणसं उभी असतात. टेम्पो, जीप, एसटी मिळेल त्याने उंबरगाव आणि वापीच्या कारखान्यांत जायचं असतं. हातात वडापाव किंवा भजीपाव आणि चहा. सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्यांसाठी नाश्ता ही निवांत बसून करायची गोष्टच नाही.

घरी असेल तर तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, उडदाची डाळ, चटणी, सुकी मासळी. उन्हाळ्यात आंबील. पावसाच्या सुरुवातीला शेवळं, मग टाकळा, कंटोळी अशा रानभाज्या. नाचणी इथल्या डोंगरउतारावरचं पावसाळी पीक. जूनमध्ये पेरायची, रोपं उपटून लावायची आणि पाऊस सरला की कापायची.

आता गंमत बघा. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. त्यानंतर शहरातल्या कॅफेंमध्ये नाचणीचा डोसा, नाचणीचं पॅनकेक यांची लाट आली. वांद्र्याच्या कॅफेत नाचणी मिळते, पण नाचणी पिकते त्या डोंगराखालच्या हायवेवर ती शोधावी लागते.

वारली चित्रांचं मात्र उलट झालं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं घराच्या कुडावरून कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. आज कित्येक हॉटेलांच्या भिंतींवर, मेन्यूकार्डांवर, कपबश्यांवर तारपा वाजवणारी माणसं दिसतात. म्हणजे वारली माणूस भिंतीवर आला, पण त्याचं अन्न ताटात आलं नाही.

याचं कारण चव नाही. बाहेर विकायचं अन्न उभं करायला भांडवल लागतं, हायवेला लागून जागा लागते, परवाने लागतात आणि 'हे खायला लोक दीडशे किलोमीटर येतील' असा आत्मविश्वास लागतो. पारशी खाण्याला मुंबईच्या शंभर वर्षांच्या हॉटेलांनी ओळख दिली. वारली खाण्याला ती संधीच मिळाली नाही.

हायवे बदलतोय, मग नाश्त्याचं काय?

हा प्रश्न आता तातडीचा आहे, कारण ज्या रस्त्याच्या जिवावर हे सगळं चालतं तो रस्ताच बदलतोय. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्ग तलासरी तालुक्यातून जातो. बुलेट ट्रेनची मार्गिकाही इथूनच जाते. डहाणूजवळ वाढवण बंदराला केंद्र सरकारने 2024 मध्ये मंजुरी दिली.

द्रुतगती मार्गावर वाटेल तिथे थांबता येत नाही. चढायच्या-उतरायच्या जागा ठरलेल्या, थांबेही ठरलेले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला तेव्हा जुन्या रस्त्यावरच्या अनेक खाणावळींची गर्दी ओसरली होती. नाव मोठं असलेली ठिकाणं टिकली, कारण लोक मुद्दाम वाट वाकडी करून जात राहिले. अडचण झाली ती छोट्यांची.

तलासरीतही तसंच होऊ शकतं. नावाजलेल्या ढाब्यापर्यंत लोक कसेही पोहोचतील. पण त्याच गर्दीवर ज्यांचं घर चालतं, ते ताडगोळे, चिकू, जांभळं, करवंदं घेऊन रस्त्याच्या कडेला बसणारे विक्रेते कुठे जातील? त्यात आदिवासी बायकाच जास्त असतात. नव्या मार्गाच्या थांब्यांवर स्थानिक बचत गटांना गाळे मिळाले, तर नाचणीची भाकरी पहिल्यांदाच हायवेच्या मेन्यूवर येऊ शकते. नाही मिळाले, तर तिथे देशभर दिसतात तीच बर्गर-कॉफीची दुकानं दिसतील.

येत्या रविवारी निघत असाल तर

- पहाटे लवकर निघा. उजाडल्यावर घोडबंदर आणि वसईच्या टप्प्यात गाड्या खोळंबतात.
- ढाबा रस्त्याच्या पलीकडे दिसला म्हणून उलट्या दिशेने गाडी घालू नका. पुढे जाऊन वळून या. या हायवेवर ट्रक वेगात असतात.
- बाहरोटला जायचं असेल तर पावसाळा सोडून जा, पाणी सोबत ठेवा आणि वाट दाखवायला गावातला माणूस घ्या. त्याला त्याचे पैसे द्या.
- उदवाड्याच्या अग्निमंदिरात पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. गावातली जुनी लाकडी घरं मात्र बाहेरून निवांत बघता येतात.
- परतताना चिकू, ताडगोळे कडेला बसलेल्या मावशींकडून घ्या. ढाब्यावर भाव न करता बिल देतो, तर इथेही दहा रुपयांसाठी घासाघीस नको.

आणि अकुरी जरूर खा, ती छानच असते. फक्त बिल देताना एकदा विचारा, "नाचणीची भाकरी मिळेल का?" बहुतेक ठिकाणी उत्तर नाही असंच येईल. पण दर रविवारी पन्नासजणांनी हाच प्रश्न विचारला, तर मेन्यूत एक ओळ वाढवायला हॉटेलवाल्याला कारण मिळेल.